बेळगावच्या शहापुरातल्या, कॅमेऱ्याचे रोल धुणाऱ्या काकू, पाचात साडेचार स्टार

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाही. काकूंनीच बजावलंय. मध्ये कोणीतरी रील करायला म्हणून आलं होतं आणि डार्करूममधला, म्हणजे फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीतला दिवा खरंच लाल असतो काय बघू म्हणून सरळ पडदा सारून आत शिरलं, बाहेरचा सगळा उजेड सोबत घेऊन. ट्रेमधला फोटोचा कागद गेला तो गेलाच, शेजारी उघडं ठेवलेलं अख्खं पाकीट काळं पडलं. तो कागद आपल्याकडे बनत नाही, बाहेरून येतो आणि महाग असतोय. तेव्हापासून काकूंचं एकच, "नाव घालू नको गे बाई, ज्याला पायजे तो विचारत येतोय की."

तर विचारत जा. शहापूरच्या बाजूला जुना कुठलाही फोटो स्टुडिओ दिसला की "रोल धुणाऱ्या काकू कुठं राहतात" असं विचारायचं. "धुणाऱ्या काकू" एवढंच म्हणू नका, मी तसं विचारलं तर एका पोरानं मला इमानदारीत लॉन्ड्रीपाशी नेऊन सोडलं आणि वर विचारलं, "ड्रायक्लीन काय?"

मी मूळची शहापूरची, गेली बारा वर्षं पुण्यात. कॅटलॉग शूट करते, म्हणजे साड्या, दागिने, मधूनमधून प्रेशर कुकर. पांढरा बॅकग्राऊंड, दोन सॉफ्टबॉक्स, साडीची जर लाल मारत नाही ना एवढं बघायचं आणि दिवसाला साठ साड्या उडवायच्या. सीझनला लग्नं पण करते, कॅन्डिड, करिझ्मा अल्बम, सगळं. तक्रार नाही, पोट भरतंय. पण हे सांगायचं कारण की मी काही "अय्या फिल्म किती क्यूट" म्हणत गेलेली गिऱ्हाईक नाही, प्रिंट बघताना माझा डोळा वाईट आहे, चुका आधी दिसतात.

झालं असं की मागच्या वर्षी घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला, तर कुंद्याच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात माझे चार रोल सापडले. शूट केलेले, न धुतलेले. तीन ब्लॅक अँड व्हाईट, इल्फर्डचे एचपी५, आणि एक कोडॅक कलर प्लस. २००९ ते २०११ च्या मधले. आणि पाचवा रोल कॅमेऱ्यातच होता, त्याचं नंतर सांगते. कॅमेरा निकॉन एफएम१०, सेकंडहॅन्ड, आईनं भिशीचे पैसे लागले तेव्हा घेऊन दिलेला आणि त्यावरून घरात आठ दिवस कोणी नीट बोललं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल तेव्हाच का नाही धुतले. एक तर पैसे. दुसरं खरं कारण असं की त्या रोलमध्ये आम्ही चौघी होतो. गडावर गेलेलो, नदीत उतरलेलो, रंगपंचमीला नखशिखांत भिजलेलो. आणि रोल धुवायला टाकायचा म्हणजे गल्लीच्या तोंडावरच्या लॅबमध्ये, तिथं काउंटरवर बसणारी पोरं कोण, तर आमच्याच भावांचे दोस्त. प्रिंट पाकिटात भरताना एकेक फोटो बघणार, हसणार, एखादा जास्तीचा काढून ठेवला तर आम्हाला कळणार पण नाही. त्यामुळं ठरलं, नंतर बघू. मुलींच्या कितीतरी गोष्टी अशा "नंतर बघू" करून डब्यात गेल्यात, त्यात हे चार रोल. मग २०११ नंतर बघता बघता एकेक लॅब बंद होत गेली, आणि एकेकीचं लग्न.

म्हणून पहिल्यांदा जेव्हा पडद्यामागून एक साठी उलटलेली बाई चष्मा कपाळावर ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "मीच धुते. काय आणलीस?" तेव्हा मला जे वाटलं ते रिव्ह्यूमध्ये कसं लिहायचं माहीत नाही. एवढंच लिहिते, की चौदा वर्षांपूर्वी ही बाई मला माहीत असती तर डबा माळ्यावर गेलाच नसता.

काका पुढं फोटो काढायचे आणि काकू मागं डार्करूम सांभाळायच्या, अशी या दुकानाची वाटणी. लोकांना काका माहीत, पासपोर्ट, लग्न, बारसं, सगळीकडं काका. निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायच्या त्या काकू, म्हणजे शहापुरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या लग्नातल्या फोटोत देवीचे व्रण दिसत नाहीत ते यांच्यामुळं. त्या पेन्सिली अजून आहेत, एका "इंदू" च्या खोक्यात. इंदू म्हणजे उटीला तो सरकारी कारखाना होता ना, हिंदुस्तान फोटो फिल्म्स, त्याचा ब्रँड. कारखाना गेला, खोकी काकूंकडं राहिली, एकात पेन्सिली, एकात सुया, एकात लाईटची बिलं.

पण काकूंच्या आधी मी एक शहाणपणा केला होता तो सांगते, म्हणजे तुलना कळेल. चारातला एक रोल मी आधी एका मोठ्या शहरातल्या लॅबला कुरिअर केला. नाव नको. वेबसाईट झकास, पेमेंट आधी, ट्रॅकिंग, सगळं गुळगुळीत. तेरा दिवसांत स्कॅन आले मेलवर. बघितल्यावर मला कळेना की हे माझ्या आठवणीतले चेहरे असे मेणाचे का झालेत. मग डोक्यात उजेड पडला. स्कॅनरमध्ये धूळ काढायची एक सोय असते, ती इन्फ्रारेडवर चालते, कलर निगेटिव्हला फार छान काम करते. पण ब्लॅक अँड व्हाईट फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळं मशीनला चित्रच धूळ वाटतं आणि ते नाकडोळे पुसत सुटतं. ती सोय बंद करायची असते हे लॅबवाल्याला माहीत असायला पायजे. मी मेल केला, तर उत्तर आलं की "आमच्याकडून क्वालिटी चेक झालेला आहे." बरं.

तेच धुतलेले निगेटिव्ह आणि बाकीचे तीन न धुतलेले असं सगळं घेऊन मी जानेवारीत काकूंकडं गेले. जानेवारीत का, तर काकू रोल फक्त थंडीत धुतात. दिवाळी ते शिवरात्र. ऐकायला नखरा वाटतो पण कारण ऐका. ब्लॅक अँड व्हाईट डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, २० डिग्रीला लागतो, वरखाली झालं की टाईम बदलतो. एप्रिलमध्ये नळाचं पाणीच कोमट, मग बर्फ आणा, थर्मामीटर धरून बसा. आणि पावसाळ्यात आपल्याकडं कपडे वाळत नाहीत तिथं फिल्म काय वाळणार, दोरीवर टांगली की चिकट राहते आणि धूळ धरते. काकू म्हणतात, "थंडीत बेळगावचा नळच २० चा असतोय, मी कशाला त्रास घेऊ." पुण्यामुंबईच्या लोकांनी हे वाचून उन्हाळ्याच्या सुट्टीत रोल घेऊन जाऊ नये, परत पाठवतात. खरंच पाठवतात, माझ्यासमोर एकाला पाठवलं.

आता काम कसं करतात ते. इतका जुना रोल आहे म्हटल्यावर काकू तो सरळ टाकीत टाकत नाहीत. म्हणाल्या, "आधी चव बघायची." म्हणजे अंधारात रोल फोडायचा, पुढच्या टोकाचा एक तुकडा कात्रीनं कापायचा, तेवढाच आधी डेव्हलप करायचा आणि तो बघून बाकीच्याचा टाईम ठरवायचा. डेव्हलपर डी-७६, आणि जुनी फिल्म असली की त्यात ब्रोमाईडची एक चिमूट, म्हणजे फिल्मवर जो करडा पडदा चढलेला असतो तो जरा दबतो. चिमूट म्हणजे चिमूटच, वजनकाटा आहे पण त्यावर गणपतीची मूर्ती बसलेली आहे.

मला विचारलं, "पहिले दोन फोटो फोकटच असतील ना, तिथं कापते." कारण बहुतेक लोक रोल लोड करताना दोन फ्रेम मोकळ्या ओढतात. मी हो म्हणून बसले. आणि मग रस्त्यात रिक्षात आठवलं, की अगं बाई, आम्ही कंजूष होतो. ३६ च्या रोलमध्ये ३८ बसवायचे म्हणून मी फिल्मचं टोक अगदी नखाएवढं अडकवायची, झाकण लावलं की लगेच क्लिक. पहिला फोटो अर्धा जळालेला निघाला तरी अर्धा तर मिळतो, असा आमचा हिशेब. फोन लावला तर काकू उचलेनात, अंधारात असल्या की त्या फोन उचलतच नाहीत, हे पण लिहून ठेवा.

कात्री बरोबर डॉक्टरच्या नाकावरून गेलेली.

डॉक्टर म्हणजे आमच्यातली एक, डॉक्टर होणार होती म्हणून डॉक्टर, झाली नाही ती गोष्ट वेगळी, आता गडहिंग्लजला खताच्या दुकानाचे हिशेब बघते आणि माझ्यामते डॉक्टरपेक्षा जास्त कमवते. वडगावात तिच्या मामांचे माग होते, तिथं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही गेलो होतो, आणि पहिला फोटो मी टेस्ट म्हणून तिचाच मारला होता, मागाच्या उजेडात, तोंडात पेरूची फोड. एका तुकड्यावर अर्धं तोंड, दुसऱ्या तुकड्यावर अर्धं, आणि दोन्हींचा डेव्हलपमेंटचा टाईम वेगळा, म्हणजे एक गाल गोरा आणि एक सावळा. काकूंना वाईट वाटलं. मला काय म्हणायचं ते सुचेना. तर त्यांनी काय केलं, दोन्ही तुकडे काचेखाली एकमेकांना भिडवून एकाच कागदावर प्रिंट काढली, मधली कात्रीची रेघ तशीच ठेवून. पैसे घेतले नाहीत. मी तो फोटो ग्रुपवर टाकला तर डॉक्टरचा मेसेज, "वशाड, पेरू कुठल्या गालात होता तेवढं तरी नीट दाखवायचं होतं." मी हसत हसत ते वाचलं आणि मग पंधरा मिनिटं साडीचा एकही फोटो एडिट झाला नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच सांगायला मी हे लिहायला बसलेय. काकूंकडं गेलात तर प्रिंट नंतर काढा, आधी कॉन्टॅक्ट शीट काढून घ्या. निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवायच्या, वर काच, एक झटका उजेड, आणि सगळे फोटो निगेटिव्हच्याच साईजला, २४ बाय ३६ मिलीमीटर, एका कागदावर. ८ बाय १० च्या कागदावर सहा फ्रेमच्या पाचच पट्ट्या नीट बसतात, सहाव्या पट्टीला काकू वेगळा तुकडा लावतात आणि मागं पेन्सिलीनं लिहितात, "उरलेले." कॉन्टॅक्ट शीटमध्ये फ्रेम काठापासून काठापर्यंत येते. स्कॅनर काय करतो, चारी बाजूनं थोडं थोडं खातो. दिसत पण नाही खाल्लेलं, दोन-चार टक्के, त्यात काय मोठं, असं मी पण गिऱ्हाइकांना सांगत आलेय.

लॅबनं स्कॅन केलेला तोच रोल, राजहंसगडाचा. पहाटे उठून स्कूटीवर चौघी, घरी सांगितलं होतं की पोस्टमनच्या (ही पण आमच्यातलीच एक) मावशीकडं सत्यनारायण आहे. वर धुकं, खाली येळ्ळूरची शेतं, भात कापून झालेलं. तेव्हा माझी आर्टची व्याख्या पक्की होती, आर्ट म्हणजे म्हातारी माणसं. सुरकुत्या दिसल्या की मी कॅमेरा काढायची. तर परत येताना येळ्ळुरात एक आजी भात वाळत घालत बसलेली, तिचा फोटो. स्कॅन बघितल्यावर माझं मलाच वाटलं होतं, बाकी जाऊ दे, उजेड काय पकडलाय मी, एकोणीस वर्षांची असताना. डोक्यावर पदर, तोंड सावलीत, आणि डाव्या गालावर खालून एक मऊ उजेड, जसा काय भातातूनच वर आलाय.

काकूंनी ती निगेटिव्ह ट्यूबलाईटसमोर धरली. उलट्या रंगात त्यांना जे दिसतं ते आपल्याला सरळ फोटोत दिसत नाही. म्हणाल्या, "ह्या आजीच्या गालावर उजेड खालून आलाय. धरलंय कोणीतरी काहीतरी."

मी म्हटलं, "नाही ओ काकू, नॅचरल आहे ते."

"बघू की," म्हणाल्या, आणि कॉन्टॅक्ट काढायला आत गेल्या.

फ्रेमच्या डाव्या काठाला, जिथं स्कॅनरनं खाल्लं होतं बरोबर तिथं, एक मनगट. मनगटावर काळा दोरा. आणि हातात स्टीलच्या डब्याचं झाकण, सूर्याकडं तिरपं धरलेलं. आमच्यातल्या लंबूचा हात. आमच्याकडं रिफ्लेक्टर कुठला, डब्याचं झाकण म्हणजेच रिफ्लेक्टर, आणि लंबू उंच म्हणून तिनंच धरायचं, कुठं उभी राहू गे, इकडं का तिकडं, हात दुखतोय गे, लवकर काढ. मी हे पार विसरले होते. म्हणजे खरंच विसरले होते, चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले की मी एकटीनं फिरून फोटोग्राफी शिकले.

मग मी भिंगच मागून घेतलं आणि तीनही शीटचे नुसते काठ बघत बसले. वडगावच्या मागावरच्या काकांच्या पोर्ट्रेटमध्ये उजव्या कोपऱ्यात पोस्टमनची वेणी, कारण ती दिव्याची वायर धरून उभी आहे. खानापूरला असोग्याला गेलो होतो, सकाळच्या पॅसेंजरनं, मलप्रभेच्या खडकांचे मी बावीस फोटो काढलेत, बावीस, आणि त्यातल्या निम्म्यात खाली काठाला कोणाच्या तरी चपला. माझं सामान राखत बसलेल्या असायच्या ना. पूर्ण फोटो असा त्यांचा मी काढलेलाच नाही म्हटलं तरी चालेल. चांगली फिल्म दोस्तांवर कशाला घालवायची, असं होतं माझं.

काकूंनी कुठल्या प्रिंट काढायच्या ते विचारलं. मी अर्थातच गडावरचं धुकं म्हणाले, लँडस्केप, मोठी काढा. तर सरळ नाही म्हणाल्या. "धुकं काय, रोज असतंय की. कागद कशाला घालवतीस." गिऱ्हाइकाला प्रिंट नाही म्हणणारी लॅब मी पहिल्यांदा बघितली. मी पण हट्टी, काढायला लावलीच, आणि खोटं कशाला सांगू, त्यात खरंच काही नव्हतं.

डार्करूममध्ये उभं राहू देतात, हात लावायचा नाही या अटीवर. ट्रेमध्ये कागदावर हळूहळू चित्र उमटतं वगैरे तुम्ही सिनेमात बघितलंय, ते सोडा. मला आवडलं ते काकूंचं मोजणं. त्यांचं माहेर धारवाडकडचं, घरात कानडी. दुकानात आमच्याशी अस्सल शहापुरी मराठी, पण एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायच्या यंत्राचा, दिवा लागला की तोंडातल्या तोंडात "ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू". मी म्हटलं मराठीत का नाही मोजत, तर म्हणाल्या, लहानपणी ज्या भाषेत पाढे शिकलं त्याच भाषेत सेकंद बरोबर पडतात, मराठीत मोजलं की घाई होते. टायमर आहे भिंतीवर. बंद आहे. आमच्याकडं बोर्डावर कुठल्या भाषेतली अक्षरं केवढी यावरून काय काय होतं ते सगळ्यांना माहीतच आहे, आत अंधारात मराठी पोरीचे फोटो कानडीत मोजून निघतात आणि कोणाला त्याचं काही नसतं.

आता कलर रोल. तिथं मला शंका होती आणि ती थोडीफार खरी ठरली. कलर निगेटिव्हला ती सी-४१ ची प्रोसेस लागते, ३८ डिग्रीला, ती काकू करत नाहीत. इतक्या वर्षांत माळ्यावरच्या उकाड्यात रंग तसेही नासले असणार. त्यांनी सुचवलं की ब्लॅक अँड व्हाईट केमिकलमध्येच धुऊ, रंग येणार नाही पण चित्र येईल. येतं असं, मला माहीत होतं, कधी करून बघितलं नव्हतं. पण रोल कुठला? रंगपंचमीचा!

बाहेरच्यांसाठी सांगते, बेळगावात रंग धुळवडीला खेळतात पण आमच्या शहापुरात रंगपंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तेव्हापासूनची ही वेगळी रीत असं म्हणतात. त्यामुळं बेळगावच्या मैत्रिणी एकदा तिकडं खेळून परत चार दिवसांनी आमच्याकडं यायच्या, डबल मजा. तर तो सगळा रोल ब्लॅक अँड व्हाईटमध्ये आला. फिल्मचा नारिंगी थर तसाच राहतो आणि तो प्रिंटिंगच्या कागदाला जवळजवळ सेफलाईटसारखा, म्हणजे डार्करूमच्या त्या लाल दिव्यासारखा, त्यामुळं एक्स्पोजर लांबच लांब द्यावं लागतं आणि कॉन्ट्रास्ट येत नाही. काकूंचं मोजणं पन्नासच्या पुढं गेलं. प्रिंट करड्या आल्या, राखेतून काढल्यासारख्या, ग्रेन म्हणजे दाणा जाड. प्रोफेशनल म्हणून मार्क द्यायचे तर दहात चार. पण ग्रुपवर टाकल्यावर तीन दिवस भांडण चाललं, लंबूच्या तोंडावर तो काळा दिसतोय तो रंग जांभळा का हिरवा. लंबू निपाणीहून म्हणते हिरवा, तिला आठ दिवस कान धुवायला लागले होते. पोस्टमन म्हापशाहून व्हॉईस नोट पाठवते की जांभळाच, मीच लावला होता, तुझ्या भावाच्या खिशातला चोरून. कलरमध्ये आला असता तर एका मेसेजमध्ये विषय संपला असता.

तक्रारी पण आहेत. एक, टाईम. तीन आठवडे म्हणाल्या आणि सात लावले, मध्ये नातवाची मुंज होती. दोन, पावती नाही. कालनिर्णयच्या पानामागं लिहून ठेवतात आणि महिना संपला की पान फाटतं, त्यामुळं आपण आपलं लिहून ठेवा. तीन, प्रिंट जरा गडद काढतात, मला सावलीत अजून थोडं दिसलेलं आवडलं असतं, सांगितलं तर म्हणाल्या काळं ते काळं असू दे. दोन प्रिंटवर धुळीचे ठिपके होते, ते मात्र सांगितल्यावर बारीक ब्रशनं बसून भरून दिले, आणि आता मला शोधून सापडत नाहीत. चार, स्कॅन करून देत नाहीत, व्हॉट्सअपवर पाठवा वगैरे विचारूच नका. फायबरचा कागद वाळला की गुंडाळतो, घरी आणून जाड पुस्तकाखाली आठवडाभर दाबा. दर मला तर स्वस्त वाटले, रोल धुवायचे ३०० आणि कॉन्टॅक्ट शीट २५०, ८ बाय १० ची प्रिंट ४००, कागद महाग झाला की वाढतील. कॅश न्या. क्यूआर कोड आहे भिंतीवर, पण पैसे मुलाच्या खात्यात जातात आणि काकूंना ते मान्य नाही.

अर्धा स्टार या सगळ्याचा कापलाय. टाईमचा खरं तर अजून कापायला पायजे होता.

प्रिंट घेतल्या त्या दिवशी मी सहज आमच्या जुन्या हॉटेलात गेले, थर्ड गेटकडच्या. तिथं आम्ही चौघींत दोन बाय-टू चहा घ्यायचो. बाय-टू म्हणजे एका चहाचे दोन, हे पुण्यात समजावून सांगावं लागतं. पोरगं आलं, काय देऊ अक्का, आणि मी सवयीनं म्हणाले, बाय-टू. त्यानं माझ्या समोरच्या खुर्चीकडं बघितलं. मी म्हटलं, फुल दे.

गावाकडच्या मैत्रिणी असं आपण म्हणतो पण गावाकडं कोणी नाहीच. भावाचे दोस्त आहेत, सगळे तिथंच, उद्यमबागेत कोणाचं वर्कशॉप, कोणाचं गणपत गल्लीत दुकान, भाऊ पुण्याहून आला की संध्याकाळी सगळे कट्ट्यावर हजर. मी आले की मला भेटायला आईच्या मैत्रिणी असतात. माझ्या निपाणी, म्हापसा आणि गडहिंग्लज अशा वाटल्या गेल्यात, फोनमध्ये नंबर अजून लंबू, पोस्टमन आणि डॉक्टर म्हणूनच सेव्ह आहेत, कारण नवीन आडनावं माझ्या तोंडात बसत नाहीत. कॉन्टॅक्ट शीटची एकेक कॉपी तिघींना पोस्टानं पाठवली, आणि काठावर जिथं जिथं त्या आहेत तिथं काकूंच्या लाल पेन्सिलीनं गोल करून. लंबूचं उत्तर आलं, "हातच का गे माझा, तोंड कुठाय?"

ते तोंड बहुतेक पाचव्या रोलमध्ये आहे. पोस्टमनच्या हळदीचा, तोही कलर. १९ व्या फोटोवर काउंटर थांबलाय, तेव्हा का थांबले ते आठवत नाही, बहुतेक मला कोणीतरी वाढायला बोलावलं असणार. कॅमेरा तसाच काकूंसमोर ठेवला आणि विचारलं की अर्धाच काढून धुवायचा का. त्यांनी मागचं झाकण उघडायच्या आत माझ्या हातावर फटका मारला. म्हणाल्या, सतरा शिल्लक आहेत ना, मग घालवतीस कशाला. भाऊबीजेला सगळ्या माहेरी येतात ना, तेव्हा काढ.

फिल्म चौदा वर्षांची आहे, रंग येणार नाहीत, आलं तर करडं काहीतरी येईल. ग्रुपवर तारीख टाकलीय, दोघींचं हो आलंय, लंबूच्या नणंदेचं काहीतरी आहे म्हणे, बघते म्हणाली. निघताना काकूंनी दारातून हाक मारून सांगितलं, "दोन स्टॉप जास्त उजेड दे, आणि सावलीत उभं करू नको कोणाला. उन्हात काढ."